तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर : जुन्या वायरिंगच्या घरासाठी

पुण्याच्या पेठेतील आमच्या वाड्यात आजही लाकडी केसिंग-पट्टीतील वायरिंग आणि चिनी मातीचे फ्यूज आहेत, आणि गरजेप्रमाणे त्यांवरच नवे पॉइंट काढलेले आहेत. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात किंवा वॉशिंग मशीन मध्येच थांबते, अशी तक्रार केली की दुरुस्तीसाठी येणारा प्रथम उपकरणच उघडतो. अशा घरात आधी सॉकेट तपासले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठीच विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून हा टेस्टर आणला.

तो प्लगसारखा बसतो. सॉकेटमध्ये तीन तारा येतात : वीज आणणारी फेज, परतीची न्यूट्रल आणि जमिनीला जोडलेली सुरक्षेची अर्थ. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या तीन जोड्यांसाठी टेस्टरमध्ये एकेक दिवा आहे, आणि कोणते दिवे पेटले यावरून दोष ओळखण्याचा तक्ता त्याच्या अंगावरच छापलेला आहे. नेहमीच्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरने फक्त फेज आहे की नाही एवढेच कळते. पूर्वी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर फ्यूज बसवीत असत. त्यातला न्यूट्रलचा फ्यूज उडाला की उपकरण बंद पडते, पण फेज तेथे असतोच. हा दोष या टेस्टरवर लगेच दिसतो. आमच्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटवर अर्थचे दोन्ही दिवे पेटलेच नाहीत, म्हणजे तेथे अर्थिंगच नव्हते. आधुनिक मशीनमध्ये विजेतील व्यत्यय गाळणारा फिल्टर असतो आणि त्याचे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे बॉडीवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मे व्होल्टेज येऊ शकते. त्यामुळे मशीन पूर्ण निर्दोष असूनही झिणझिण्या येतात.

मात्र एक दोष या टेस्टरला मुळीच ओळखता येत नाही, आणि जुन्या घरात तोच सर्वांत घातक असतो. अर्थची तार पॉइंटपर्यंत आलेली नसली की काही वायरमन बोर्डाच्या आतच तारेचा तुकडा लावून न्यूट्रल अर्थच्या पिनेला जोडून टाकतात. आमच्या स्वयंपाकघरातील बोर्ड उघडल्यावर हेच आढळले. टेस्टरने तेथे ‘योग्य’ असाच निर्वाळा दिला होता, कारण त्याच्या दृष्टीने न्यूट्रल आणि अर्थ या दोन्ही तारा सारख्याच. अशा पॉइंटच्या मागे न्यूट्रल कोठे तुटली, तर चालू उपकरणातून फिरून फेज थेट त्याच्या धातूच्या बॉडीवर येतो. माणसाचा जीव जाऊ शकेल असे हे काम कोणीही करू नये आणि कोणी करत असेल तर घरमालकाने ते करू देऊ नये.

घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल, तर आरसीसीबी तपासण्याचे बटण असलेले मॉडेल घ्यावे. ते बटण फेजमधून अर्थकडे थोडी गळती मुद्दाम घडवते. अर्थ खरे असेल तर आरसीसीबी पडतो, म्हणजे पुरवठा तोडतो. न्यूट्रल जोडून केलेले खोटे अर्थ असेल तर गळती न्यूट्रलवाटेच परत जाते आणि तो पडत नाही. दिवे ‘योग्य’ दाखवत आहेत, आरसीसीबी स्वतःच्या चाचणी-बटणाने पडतो आहे आणि टेस्टरच्या बटणाने मात्र पडत नाही, असे झाले तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून बोर्ड उघडून घ्यावा.

ढिल्या जोडाची परीक्षाही या टेस्टरने होत नाही. 2000 वॉटचा गीझर सुमारे 9 अँपिअर घेतो आणि तेवढ्या भारावर ढिला जोड तापतो. टेस्टर स्वतः नगण्य वीज घेत असल्यामुळे त्याला तो जोड ठीकच दिसतो. तेथे गरम झालेला प्लग, तपकिरी पडलेले सॉकेट आणि उपकरण सुरू होताच मंदावणारा दिवा हीच खूण धरावी. अर्थिंगचा रोध किती आहे, हेदेखील वेगळ्या मीटरनेच मोजावे लागते.

काही शे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवत नाही, आणि जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा असेच सांगेन. खरेदी करताना चौकोनी पिनांचे मॉडेल टाळून आपल्याकडील गोल पिनांचे 6 अँपिअरचे मागावे. ते जुन्या 15 अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसत नाही, त्यासाठी चांगल्या प्रतीचा, अर्थची पिन असलेला कन्व्हर्टर सोबतच घ्यावा लागतो.