फिल्म होल्डर डोंगरात न्यायचे कशातून: झिपची पिशवी, पाउच, टिफिन बॅग की पेटी?

होल्डर म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याची सुटी फिल्म (शीट) दोन बाजूंना एकेक अशी उजेडापासून झाकून धरणारी चपटी चौकट. सहा होल्डर म्हणजे बारा शीट, सुमारे एक किलो वजन आणि एकावर एक रचल्यास साधारण आठ सेंटिमीटर उंचीची चवड. ४ बाय ५ इंची कॅमेरा पाठीवर घेऊन एखाद्या गडावर दिवसभर काम करायचे, तर बहुतेकांचा हिशेब इथेच येऊन थांबतो. कॅमेरा आणि लेन्स कशात न्याव्यात याचे उत्तर कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते. होल्डर कशात न्यावेत याचे उत्तर मात्र आपल्याकडे तयार मिळत नाही, कारण त्यांच्यासाठी खास शिवलेल्या पिशव्या परदेशातून मागवाव्या लागतात आणि टपालखर्च व कस्टम धरून त्या स्वस्त राहत नाहीत. म्हणून फिडेलिटी, लिस्को, टोयो या जातीच्या नेहमीच्या दुहेरी प्लॅस्टिक होल्डरसाठी चार वाटा इथे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. आणखी दोन वाटा होल्डरची संख्याच कमी करण्याच्या आहेत. त्यांचाही विचार पुढे केला आहे.

आधी होल्डरला नेमके कशापासून जपायचे ते ठरवले पाहिजे. नवा माणूस धक्क्याला घाबरतो आणि जाड स्पंज शोधू लागतो. माझ्या अनुभवात मात्र धक्क्याने गेलेल्या फिल्म बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि धुळीने गेलेल्यांची मोजदाद मी सोडून दिली आहे. एक्स्पोजरच्या वेळी फिल्मवर बसलेला कण तेवढी जागा झाकतो, निगेटिव्हवर तिथे पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटमध्ये तो काळा उमटतो. प्रिंट काढताना किंवा स्कॅन करताना बसलेल्या धुळीचा ठिपका पांढरा येतो, तो बारीक ब्रशने रंग भरून झाकता येतो. काळा ठिपका मात्र खरवडावा लागतो, आणि तो स्वच्छ आकाशाच्या मधोमध असेल तर प्रिंट गेल्यातच जमा असते. त्यानंतर क्रम लागतो तो डार्क स्लाइड, म्हणजे फोटो घेईपर्यंत फिल्म झाकून ठेवणारी होल्डरची सरकती पाटी, सरकण्याचा, मग दमटपणाचा आणि उन्हाचा. धक्क्याचा क्रमांक शेवटचा आहे.

डार्क स्लाइड सरकण्याचा धडा मला राजगडाने दिला. गुंजवण्याकडून चढताना सॅकमध्ये सहा होल्डर नुसते उभे ठेवले होते. होल्डरच्या डोक्यावर डार्क स्लाइड अडवून धरणारा जो तारेचा छोटा आकडा असतो, तो शेजारच्या होल्डरच्या कडेला घासून फिरला, आणि वर पोहोचेपर्यंत ती डार्क स्लाइड बोटभर बाहेर आली होती. मी ती आत ढकलली, काही झाले नसेल अशी स्वतःची समजूत घातली आणि फोटो घेतला. डेव्हलप केल्यावर निगेटिव्हच्या एका कडेला तिरका काळा पट्टा निघाला.

पहिली वाट सर्वांत स्वस्त आहे: प्रत्येक होल्डर स्वतंत्र झिपच्या पिशवीत घालायचा आणि या पिशव्या सॅकच्या एका कप्प्यात उभ्या लावायच्या. होल्डरचा आकार साधारण पावणेपाच बाय साडेसहा इंच असल्याने सहा बाय आठ इंचांची जाड पिशवी त्याला बरोबर बसते. पिशवी याहून मोठी घेतली तर तिचे टोक दुमडून जागा खाते. धुळीपासून इतके चांगले संरक्षण बाकी कोणतीही वाट एकटीने देत नाही. रत्नागिरीजवळच्या सड्यांवर कातळशिल्पांचे काम करताना संध्याकाळी पिशव्या काढल्या, तेव्हा जांभ्याची तांबडी धूळ झिपच्या खाचेपर्यंत येऊन रेघ ओढल्यासारखी थांबलेली होती आणि आतला होल्डर काळाच्या काळा होता. पिशवीत घातलेल्या होल्डरचा आकडा शेजाऱ्याला घासून फिरत नाही, हा वरचा फायदा.

या वाटेतील उणिवाही खऱ्या आहेत. साध्या पॉलिथिनवर दख्खनच्या कोरड्या हवेत स्थिर वीज साठते आणि मग पिशवीच आजूबाजूची धूळ ओढू लागते. संगणकाचे सुटे भाग ज्या गुलाबी, पारदर्शक अँटिस्टॅटिक पिशव्यांत येतात त्या यासाठी उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी केल्यास त्या सुट्याही मिळतात. चंदेरी-राखाडी रंगाच्या पिशव्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांतून डार्क स्लाइडच्या मुठीचा रंग नीट दिसत नाही. दुसरी उणीव वेळेची आहे: वारा सुटलेला, ढगाची सावली सरकत आलेली, आणि आपण एका हाताने पिशवी दातांत धरून झिप उघडत आहोत, असे होतेच. तिसरी अशी की धक्का, पाणी आणि ऊन यांच्या बाबतीत ही पिशवी एकटी जवळजवळ निरुपयोगी आहे. तरीही पुढच्या कोणत्याही वाटेने गेलात तरी ही पिशवी आत असावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्या वस्तूंकडे तिच्यावरचे आवरण म्हणूनच पाहावे.

दुसरी वाट पाउचची. एफ-६४ सारख्या कंपन्या खास होल्डरसाठी अशा पिशव्या बनवतात. सॅक शिवणाऱ्या कारागिराला मापे दिली तर तोही पातळ फोम आणि नायलॉन वापरून चार-सहा होल्डरचा पाउच शिवून देतो. तो कमरेच्या पट्ट्यात किंवा ट्रायपॉडच्या पायाला अडकवता येतो, त्यामुळे प्रत्येक फोटोसाठी सॅक उघडावी लागत नाही, आणि फोकस पाहताना डोक्यावर घेतलेल्या काळ्या कापडाखालून हात बाहेर काढून होल्डर घेण्याची सोय ज्याने एकदा अनुभवली तो ती सहसा सोडत नाही. मात्र शिवून घेताना दोन गोष्टींवर अडून बसावे. एक म्हणजे आतले अस्तर गुळगुळीत असावे. मखमली किंवा लोकरी अस्तराचे तंतू थेट होल्डरच्या खाचेत जातात. दुसरी म्हणजे वरचे झाकण वेल्क्रोचे नको. वेल्क्रो फाडताना बारीक तंतू उडतात, आणि माती भरल्यावर तो चिकटेनासा होतो. रुंद चेन किंवा बक्कल बरे. पावसात आणि उन्हात पाउचचा उपयोग थोडाच, आणि सहाच्या वर होल्डर असतील तर तो मांडीवर आपटत राहतो.

तिसरी वाट माझ्या पसंतीची आहे: ऑफिसात डबा नेण्याची चौकोनी थर्मल टिफिन बॅग. आत चंदेरी अस्तर, मध्ये पातळ फोम, वर पूर्ण गोल फिरणारी चेन. तिच्यात झिपच्या पिशवीतले आठ-दहा होल्डर उभे राहतात आणि पुसायला ओले फडके पुरते. अस्तर प्लॅस्टिकचे असल्याने तंतू सुटत नाहीत. उन्हाचा मुद्दाही इथे सुटतो. फिल्म थंड जागी ठेवावी असे उत्पादक सांगतात, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या किंवा काळ्या सॅकच्या आत कोणते तापमान होते ते वेगळे सांगायला नको. टिफिन बॅग ही वाढ थांबवत नाही, पण लांबवते, आणि सकाळी सहा ते अकरा एवढ्या वेळात तेवढे पुरते. तिच्यात बर्फाची पिशवी घालण्याचा मोह मात्र आवरावा. थंड होल्डर कोकणच्या दमट हवेत बाहेर काढला की त्यावर दव धरते, आणि तापमान वा आर्द्रता एकदम बदलली की शीट होल्डरच्या आत फुगून किंचित पुढे येते; लांब एक्स्पोजर चालू असताना असे झाले तर मधला भाग फोकसबाहेर जातो.

टिफिन बॅगेचा दोष असा की तिला स्वतःचा ताठपणा नसतो. होल्डर कमी झाले की उरलेले कलंडतात. मी रिकाम्या जागेत घडी केलेले स्वच्छ सुती फडके कोंबतो; तंतू सुटू नयेत म्हणून तेही झिपच्या पिशवीत असते. दुचाकीवरून जाताना हे विशेष पाहावे, कारण सतत हादरा बसला की होल्डरच्या खाचांत दडलेली धूळच सुटून फिल्मवर येते, आणि घट्ट बसलेल्या होल्डरमध्ये हे कमी होते.

चौथी वाट कठीण पेटीची. पेलिकन कंपनीच्या पेटीसारखी रबरी कडेची पेटी पाण्यात पडली तरी आतला माल कोरडा राहतो, पण तेवढ्या होल्डरांची पेटी रिकामीच दीड-दोन किलो भरते, म्हणजे होल्डरांपेक्षा पेटीच जड. गाडीने फिरणाऱ्याला, एसटीच्या टपावर किंवा होडीत सामान टाकावे लागणाऱ्याला ती घेण्यासारखी आहे. पायी चढणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. तिच्या ऐवजी स्वयंपाकघरातला चारही बाजूंनी कड्या लागणारा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा पाहावा. आतून किमान १७ बाय १३ सेंटिमीटर जागा हवी. दुकानात एक होल्डर सोबत नेऊन तो बसवूनच डबा घ्यावा, कारण कोपरे गोलाकार असल्यामुळे लेबलावरचे माप फसवते. पावसाळ्यात अशा डब्यात सिलिका जेलची पुडी घातली की दिवसभराची चिंता मिटते. डबा काळा किंवा गडद रंगाचा नसावा, आणि कोणतीही पेटी उन्हात ठेवू नये, कारण बंद पेटीत कोंडलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

आता होल्डरच कमी नेण्याचा विचार. तीन होल्डर, फिल्मचा डबा आणि चेंजिंग बॅग (हात आत घालून अंधारात फिल्म भरण्याची उजेडबंद पिशवी) नेऊन मुक्कामी फिल्म बदलायची, असा एक पर्याय आहे. वजन वाचते, पण जोखीम हातात येते. डोंगरावर भर दुपारी घामेजलेल्या हातांनी चेंजिंग बॅगेत शीट भरणे म्हणजे बोटांचे ठसे आणि धूळ दोन्हींना आमंत्रण आहे. मुक्कामाला खोली असेल तर रात्री न्हाणीघरात काम करावे. आधी गरम पाणी सोडून वाफ धरू द्यावी आणि ती खाली बसली की हवेतील धूळही बसते. शीटच्या कोपऱ्यावरील खाच उजव्या हाताला वर आली की इमल्शन, म्हणजे फिल्मची प्रकाश टिपणारी बाजू, आपल्याकडे असते, एवढे बोटांना पाठ हवे. एक्स्पोज झालेल्या शीटसाठी रिकामा तीन झाकणांचा डबा वेगळा असावा आणि त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेले असावे.

ग्राफ्लेक्स कंपनीचा ग्राफमॅटिक हा दुसरा उपाय. सुमारे दोन होल्डरांच्या जागेत तो सहा शीट घेतो, खेचून ढकलला की पुढची शीट समोर येते, आणि फिल्मच्या कडेवर क्रमांकही उमटवतो. हे यंत्र सुंदर आहे, पण त्याचे उत्पादन कित्येक दशकांपूर्वी थांबले असल्याने ते जुनेच घ्यावे लागते आणि त्यातील एक पत्रा किंचित वाकला असेल तर ते नेमके चौथ्या शीटला अडकते. शिवाय सरकणाऱ्या पत्र्यांमुळे आतली धूळ फिरत राहते. दुरुस्ती स्वतः करता येत असेल तरच हा मार्ग धरावा.

वाहून नेण्याची वस्तू कोणतीही असो, कोणता होल्डर वापरला आणि कोणता नाही हे अंधुक उजेडातही कळले पाहिजे. डार्क स्लाइडच्या मुठीची पांढरी, उंचवटे असलेली बाजू बाहेर म्हणजे कोरी फिल्म, काळी बाहेर म्हणजे एक्स्पोज झालेली, हा जगभरचा संकेत आहे. त्याला जोड म्हणून कोरे होल्डर मुठी वर करून आणि वापरलेले मुठी खाली करून ठेवावेत. हे टिफिन बॅगेत आणि डब्यात सहज जमते, पाउचमध्ये अर्धवट, आणि नुसत्या सॅकमध्ये मुळीच नाही. १० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स योसेमिटीतील हाफ डोम या कड्यासमोर पोहोचला तेव्हा सोबत आणलेल्या बारा काचांपैकी (तो फिल्मऐवजी काचेच्या प्लेट वापरत होता) दोनच उरल्या होत्या. एक पिवळ्या फिल्टरने घेतल्यावर त्याने शेवटची गडद लाल फिल्टरने घेतली आणि तीच गाजली. किती काचा उरल्या हे त्याला त्या क्षणी पक्के ठाऊक होते, हा भाग मला त्या गोष्टीत महत्त्वाचा वाटतो.

आता निवड. एका दिवसाचा ट्रेक, सहा ते आठ होल्डर आणि कोरडा ऋतू असेल तर अँटिस्टॅटिक पिशव्या आणि टिफिन बॅग घ्यावी. जून ते सप्टेंबर हवाबंद डबा घ्यावा, आणि फिल्म होल्डरमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त भरून ठेवू नये. गाडीजवळच काम असेल तर पेटी. एकाच जागी उभे राहून पटापट अनेक फोटो घ्यायचे असतील, उदाहरणार्थ घाटमाथ्यावर ढग फाटण्याची वाट पाहताना, तर पाउच कमरेला असावा आणि बाकीचे होल्डर बॅगेत. ८ बाय १० इंची होल्डर एकेकच अर्ध्या किलोच्या पुढे जातो. तिथे तीनपेक्षा जास्त नेऊ नयेत, आणि ते कॅमेऱ्याच्या बरोबरीने सॅकमध्ये पाठीला लागून उभे बसवावेत.

विमानाने जाणाऱ्यांसाठी निवड वेगळी ठरते. भरलेला होल्डर सुरक्षा तपासणीत उघडून दाखवता येत नाही, आणि काही विमानतळांवर आता हाती सामानासाठीही सीटी स्कॅनर आले आहेत, ज्यांतून फिल्म नेऊ नये असे उत्पादकच सांगतात. म्हणून होल्डर रिकामे करून, पिशव्यांसकट, पेटीत घालून सामानात द्यावेत. न उघडलेला फिल्मचा डबा हाती ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी, आणि फिल्म भरण्याचे काम पोहोचल्यावर लॉजच्या न्हाणीघरात करावे.