पीआरएफ ड्रेसिंग: न भरणाऱ्या तळपायाच्या जखमेवर घ्यावं का?

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाची जखम महिनोन्‌महिने तशीच राहिली की डॉक्टर पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून बनवलेला पडदा जखमेवर लावणं) सुचवतात. उपचार चांगला आहे, पण त्याच्या अटी आहेत. पैसे भरण्याआधी त्या माहीत असाव्यात.

शिरेतून साधारण १० मिलि रक्त काचेच्या नळीत घेतात. नळीत रक्त न गोठू देणारं काहीही नको. ती लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये घालून मिनिटाला ३००० फेऱ्यांनी १० मिनिटं फिरवतात. तळाशी लाल पेशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि मध्ये फायब्रिनची (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यासारख्या प्रथिनाची) लवचीक गाठ धरते. ती चिमट्याने उचलायची, लाल भाग कापायचा, उरलेली गाठ गॉझमध्ये अलगद दाबायची, पडदा तयार. कापताना लाल भागाची बारीक कड पडद्याला राहू द्यावी, कारण प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारे बारीक कण) आणि पांढऱ्या पेशी त्याच सांध्यावर दाटलेल्या असतात. पडदा स्वच्छ पिवळा दिसावा म्हणून वरून कापला, तर सगळ्यात कामाचा भाग कचऱ्यात जातो.

प्लेटलेटमधून पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ, ईजीएफ असे वाढीचे घटक सुटतात. यातलं पीडीजीएफ कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशींवर थेट चालत नाही, कारण त्यांच्यावर त्याचा रिसेप्टरच (इशारा पकडणारी जागा) नसतो. ते फायब्रोब्लास्टना (कातडीखालच्या आधार देणाऱ्या ऊतीतल्या पेशींना) जखमेत ओढून आणतं. फायब्रोब्लास्ट कोलाजेन (ऊतीला बळकटी देणारं प्रथिन) घालतात, शिवाय केजीएफ (केराटिनोसाइटच्या वाढीचा घटक) सोडतात, आणि त्या इशाऱ्यावर कडेच्या केराटिनोसाइट वाढून आत सरकू लागतात. फायब्रिनची जाळी हे घटक धरून ठेवते आणि काही दिवस थोडे थोडे सोडते. म्हणून ड्रेसिंग आठवड्याने बदलतात. वास नाही, पू नाही, ताप नाही, तर रोज उघडून बघायचा मोह आवरा.

बिघडतं ते बहुधा सुरुवातीलाच. रक्त काढून नळी स्टँडवर तशीच ठेवली तर रक्त फिरण्याआधीच गोठतं आणि थर वेगळे होत नाहीत. चुकून ईडीटीएची (रक्त न गोठू देणाऱ्या रसायनाची) नळी वापरली तर गाठच धरत नाही. वॉरफरिन (रक्त गोठणं कमी करणारी गोळी) घेणाऱ्यांची गाठ उशिरा आणि ढिली धरते, तेव्हा गोळ्यांची यादी आधीच दाखवा. आणि नळीवर रुग्णाचं नाव हवंच. दुसऱ्याचं रक्त जखमेवर जाणं परवडणारं नाही.

बेकाप्लर्मिन जेल हा दुसरा पर्याय. यीस्टमध्ये तयार केलेलं पीडीजीएफ, ०.०१ टक्के. दिवसातून एकदा पातळ थर द्यायचा, वर सलाइनचा ओला गॉझ, १२ तासांनी धुऊन टाकायचं. रक्त काढावं लागत नाही, घरी जमतं. पण ट्यूब फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि घटक एकच मिळतो. दवाखाना जवळ असेल तर आमची पसंती पीआरएफलाच.

मात्र पायाचा रक्तपुरवठा तपासलेला नाही, हाडात संसर्ग आहे, कडेचा घट्टा आणि मेलेलं मांस काढलेलं नाही, तर दोन्हींवरचा खर्च वाया. कॅन्सरची शंका असेल तर आधी तुकडा तपासायला द्या. जखमेवर भार पडत राहिला तर पडद्याखाली नवं मांस चिरडतं. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून लागून बसणारं, भार वाटून देणारं प्लास्टर) किंवा भार काढणारी चप्पल सोबत हवीच. दर ड्रेसिंगला लांबी-रुंदी मोजून लिहून घ्या. मधुमेहाची जखम ४ आठवड्यांत निम्मी झाली नाही, तर पुढची नळी भरण्याआधी रक्तपुरवठा, हाड आणि चप्पल पुन्हा तपासायला सांगा.