ठरलेल्या वेळी फायली पोचवायला आरसिंक: उत्तम, पण क्रॉनमध्ये टाकण्याआधी हे पाहा

दोन लिनक्स सर्व्हरमध्ये रोज रात्री फायली आपोआप, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनकडून, जायला हव्या असतील, तर अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचे १९९६ सालचे आरसिंक हे फायली पाठवण्याचे साधन आजही पहिली निवड ठरते. फायली नुसत्या कॉपी करणारी एससीपी कमांड दर वेळी सगळे पुन्हा पाठवते. आरसिंक आकार आणि बदलाची वेळ पाहून न बदललेल्या फायली सोडून देते आणि नेटवर्कवरून बदललेला भागच पाठवते.

त्याचा सर्वात मोठा गुण मात्र वेगाचा नाही. येणारी फाइल आधी लपलेल्या तात्पुरत्या नावाने उतरते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव मिळते. त्यामुळे पलीकडचा प्रोग्रॅम अर्धवट फाइल कधी उचलत नाही. अर्धी उतरलेली फाइल ठेवणारे '--पार्शियल' नुसते लावले की हे संरक्षण जाते, कारण लाइन तुटली तर अर्धी फाइल खऱ्या नावानेच उरते. मोठ्या फायलींसाठी अर्धी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणारे '--पार्शियल-डिर' वापरा. जुन्या फाइलवरच थेट लिहिणारे '--इनप्लेस' इथे नकोच.

खरा धोका '--डिलीट'चा, म्हणजे स्रोतात नसलेल्या फायली पलीकडे पुसणाऱ्या पर्यायाचा. स्रोताची डिस्क माउंट झाली (जोडली गेली) नसेल तर तिथे रिकामे फोल्डर दिसते. आरसिंकच्या लेखी ती चूक नाही, म्हणून ते पलीकडचे सगळे पुसून टाकते. आधी 'माउंटपॉइंट -क्यू'ने डिस्क जोडल्याची खात्री करा आणि '--मॅक्स-डिलीट=५०' जोडा: पुसणे पन्नासवर थांबते आणि एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) २५ येतो. स्रोताच्या पाथच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला मजकूर जातो, नाही दिला तर फोल्डरच जाते. पहिल्यांदा '-एन -व्ही' लावून, प्रत्यक्षात काही न बदलता, नुसती यादी पाहावी.

टर्मिनलवर चालणारी कमांड क्रॉनमध्ये अडकते, ती बहुधा आरसिंकमुळे नव्हे. क्रॉनचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, तेव्हा प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ लिहा. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) टक्क्याचे चिन्ह म्हणजे नवी ओळ, म्हणून तारखेच्या फॉरमॅटमध्ये त्याआधी बॅकस्लॅश हवा. एसएसएचला (दोन सर्व्हरमधल्या सुरक्षित जोडणीला) 'बॅचमोड=यस' द्या, म्हणजे पासवर्ड विचारत ते ताटकळणार नाही. या कामासाठी वेगळी, पासफ्रेज नसलेली एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) ठेवा आणि ती पलीकडे 'आरआरसिंक' या आरसिंकसोबतच्या स्क्रिप्टने एकाच फोल्डरपुरती बांधा. आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून 'फ्लॉक -एन'ने कुलूप लावा.

एक्झिट कोड नोंदवाच. २४ म्हणजे चालू असतानाच स्रोतातली फाइल नाहीशी झाली, ते बहुतेकदा चालून जाते. २३ आला तर काही फायली किंवा त्यांचे गुणधर्म (परवानग्या, वेळ वगैरे) पोचलेलेच नाहीत. मराठी नावांच्या फायली असतील तर लॉगमध्ये '\#३४०\#२४४' असे आकडे दिसू शकतात. फायली शाबूत असतात, फक्त क्रॉनचे लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसते. '-८' लावले की नावे वाचता येतात.

आरसिंक दोन्ही टोकांना बसवलेले लागते. समोरचा फक्त एसएफटीपी (एसएसएचवरून फायली देण्याची सोय) देत असेल तर ते उपयोगाचे नाही. तिथे एलएफटीपी या प्रोग्रॅमचे 'मिरर' घ्या.