विमानतळाचा आर्थिक सल्लागार: टक्केवारीवाला की ठोक फीवाला?

पुण्यात महापालिकेच्या मालकीचा विमानतळ नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, आणि पुरंदरचा अजून व्हायचाय. तरीही एखाद्या पालिकेवर किंवा सरकारी कंपनीवर विमानतळासाठी पैसा उभा करायची वेळ आली, तर सल्लागार म्हणून समोर दोन प्रकारचे लोक येतात.

पहिला टक्केवारीवाला. जेवढी रक्कम उभी राहील तिच्यावर त्याची फी. स्थायी समितीला हा आवडतो, कारण आधी खिशातून काही जात नाही. पण गणित बघा. अर्ध्या टक्क्याने 200 कोटींवर त्याचा 1 कोटी होतो, 300 कोटींवर दीड. "साहेब, कर्ज यंदा नको, पुढच्या वर्षी काढा," असं तो कशाला म्हणेल? काय बांधायचं, किती लागणार, परतफेड कुठून होणार हे सगळं ठरलंय आणि फक्त बाजारात जायचंय, तर हा माणूस उपयोगी. पुणे महापालिकेने 2017 मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी 7.59 टक्क्यांनी 200 कोटींचे रोखे काढले, त्या जातीचं काम. विमानतळाचं तसं नसतं. प्रवासी यायला वर्षं लागतात, व्याजाचं मीटर मात्र पहिल्या दिवशीच पडतं.

दुसरा ठोक फीवाला, टप्प्याटप्प्याने पैसे घेणारा. प्रकल्प बारगळला तरी याचं बिल येतं, आणि मग लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. ही भीती खरी आहे. पण विमानतळात डोकं चालवायची जागा कर्जाच्या आधी येते. मुंबई विमानतळ 2006 मध्ये खासगी चालकाला दिला गेला, तो महसुलातला 38.7 टक्के वाटा प्राधिकरणाला द्यायच्या बोलीवर; दिल्लीजवळच्या जेवरला 2019 मध्ये दर प्रवाशामागे 400 रुपये 97 पैशांची बोली जिंकली. पहिल्या पद्धतीत महसूल कशाला म्हणायचं यावरच भांडण, चालकाच्या वह्या जन्मभर तपासत बसा. दुसरीत नुसती डोकी मोजायची, पण दुकानं आणि पार्किंगची कमाई फुगली तर तुम्हाला त्यातलं वेगळं काही मिळत नाही. आपल्या गावाला काय परवडेल, हे सांगण्यात टक्केवारीवाल्याला एक छदाम सुटत नाही. म्हणून माझं मत ठोक फीच्या बाजूने, आणि रोखे विकायला वेगळा बँकर. अमेरिकेत बरेच विमानतळ शहरांच्याच मालकीचे. तिथे ज्या फर्मने रोख्यांवर सल्ला दिला तिला तेच रोखे स्वतः विकायला घेता येत नाहीत, असा नियमच आहे.

निवडताना क्यूसीबीएसचं, म्हणजे तांत्रिक गुण आणि दर दोन्ही धरून निवडायच्या पद्धतीचं, प्रमाण आधी कागदावर मांडून बघा. दरात सगळ्यात स्वस्ताला 100 गुण, बाकीच्यांना त्या हिशोबाने कमी. समजा अ-ला तांत्रिक 90 गुण आणि दर 80 लाख; ब-ला 75 गुण, दर 50 लाख. तांत्रिकला 70 आणि दराला 30 टक्के वजन, म्हणजे 70:30, धरलं तर अ 81.75, ब 82.5. ब जिंकला. 80:20 केलं की अ 84.5 आणि ब 80. तेच लिफाफे, निकाल उलटा. पाऊण गुणाने कोणी हरलं की पत्रांचा पाऊस पडतो, तेव्हा प्रमाण का ठेवलं याचं कारण टिपणीत आधीच लिहिलेलं असलेलं बरं.

मी एकदा अशा समितीत होतो. बायोडेटात पंचवीस वर्षं अनुभवाचे भागीदार, पहिल्या बैठकीला मात्र नुकता एमबीए झालेला मुलगा लॅपटॉप घेऊन हजर. हुशार होता बिचारा, पण धावपट्टीच्या देखभालीचा खर्च त्याने कुठेच धरला नव्हता. त्यानंतर मी दोन अटींवर हटून बसतो: नाव दिलेला माणूस बदलला तर फी कापायची, आणि आर्थिक मॉडेल पीडीएफमध्ये नको, सूत्रांसकट एक्सेलमध्ये हवं. प्रवासी वीस टक्के कमी करून आकडा कुठे जातो, हे आपल्याच लेखाधिकाऱ्याला बैठकीत बघता आलं पाहिजे.