साध्या यंत्रांचं किट: तरफ-कप्पीसाठी घ्या, पुस्तिका बाजूला ठेवा

लहान मुलांसाठीचं साध्या यंत्रांचं एक किट घेतलंय, डब्यावर वय ५ ते ८ लिहिलंय. आत तरफेची फळी आणि टेकू, दोन कप्प्या, दोरी, उतरण, चाक-आस, पाचर, एक मोठा स्क्रू आणि वजनाच्या गोल चकत्या येतात, म्हणजे शाळेत शिकवतात ती सहाच्या सहा. प्लॅस्टिक बरं आहे, कडा टोचत नाहीत.

सगळ्यात भारी म्हणजे तरफ. फळीवर टेकूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा आहेत. एका बाजूला पहिल्या खुणेवर तीन चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या बाजूला एकच चकती हळूहळू बाहेर सरकवत न्यायची, ती तिसऱ्या खुणेवर आली की फळी बरोब्बर आडवी होते. पोरगी "एकटीने तिघींना उचललं!" म्हणून ओरडलीच. गुणाकार तिला अजून येत नाही पण लांब गेलं की जोर वाढतो हे कळलं, आणि मग मी तिला घरातलं दार आधी बिजागरीजवळ आणि मग हँडलजवळ ढकलायला सांगितलं, तर बिजागरीजवळ दोन्ही हातांनी पण जाम हलेना आणि हँडलजवळ एका बोटाने उघडलं. आता ती घरातल्या प्रत्येक दाराचं टेस्टिंग करतेय, डोकेदुखी आहे खरी पण चालतंय.

कप्पीची आयडिया मस्त, बनवलीये मात्र कंजूषपणे. एक कप्पी वर अडकवली तर फक्त दिशा बदलते, खाली ओढलं की वस्तू वर जाते, जोर तेवढाच लागतो. खरी गंमत वजनाबरोबर वर सरकणाऱ्या दुसऱ्या कप्पीत आहे, तिथे जोर साधारण निम्मा लागतो पण वजन १० सेंमी चढवायला दोरी २० सेंमी ओढावी लागते. हे पट्टी लावून मोजून दाखवा, मुलांना फसवणूक पकडल्यासारखं वाटतं! प्रॉब्लेम असा की चाकाची खाच उथळ आणि सोबतची दोरी जाड, त्यामुळे ती सारखी सटकून बाजूच्या फटीत अडकते आणि मूल वैतागतं. आम्ही बारीक नायलॉनचा दोरा घातला, आता नीट चालतं.

बाकीचं यथातथा. पाचर इतकी बोथट की काहीच फाटत नाही, त्यापेक्षा जॅकेटची चेन दाखवा, ती उघडताना सरकणीच्या आतली छोटी पाचरच दाते वेगळे करते. स्क्रूसाठी तर किट लागतच नाही, कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला की तिरकी कड आट्यांसारखी वर चढत जाते, उतरणच गोल गुंडाळलीये हे मुलाला आपोआप दिसतं.

आता पुस्तिका. "यंत्रामुळे काम कमी होतं" असं चक्क ठळक अक्षरात छापलंय. अहो विज्ञानात काम म्हणजे जोर गुणिले अंतर, इथे जोर कमी लागतो, अंतर वाढतं, काम तेवढंच राहतं, उलट घर्षणामुळे थोडं जास्तच करावं लागतं. पाच वर्षांच्या मुलाला हे सगळं नका सांगू, पण चुकीचं तरी कशाला डोक्यात घालायचं, पुढे शाळेत तेच खोडत बसावं लागतं. शिवाय कात्री आणि चिमटा एकाच प्रकारच्या तरफेत टाकलेत. कात्रीत टेकू मधे असतो, चिमट्यात तो टोकाला असतो आणि जोर मधे लावतो, त्यामुळे चिमट्यात जोर वाढत नाही, कमी होतो, म्हणून तर नाजूक वस्तू न चिरडता धरता येते. डब्यावर "प्राचीन ग्रीकांची सहा यंत्रं" लिहिलंय तेही गडबडच, अलेक्झांड्रियाचा हेरॉन या प्राचीन ग्रीक अभियंत्याच्या यादीत पाचच होती, उतरण त्यात नव्हती. असो, त्याने मुलांना काय फरक पडतो.

माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार. घरात अगदी लहान भावंड असेल तर चकत्या उंचावर ठेवा, सहज तोंडात जातील एवढ्याच आहेत आणि डब्याचं झाकण नुसतं दाबलं तरी उघडतं.