फ्रेमचे दुकान, सीताबर्डी: मिश्र माध्यमातील चित्रांसाठी

समूह प्रदर्शनांत मी मिश्र माध्यमातील चित्रे मांडते. त्यांत ॲक्रिलिकच्या थरांवर जुन्या पैठणीचे काठ आणि सुतळी चिकटवलेली असते. त्यामुळे साध्या फ्रेमची काच थेट चित्राला टेकते आणि नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला की मऊ पडलेला रंग तिला चिकटतो. पूर्वी दुसऱ्या एका दुकानातून करून घेतलेल्या फ्रेममध्ये माझे एक चित्र असेच वाया गेले. सीताबर्डीच्या गल्लीतील या लहानशा दुकानात मात्र कारागिराने आधी पट्टी लावून सुतळीच्या गाठीची उंची मोजली, ती ११ मिलिमीटर भरली, आणि मग आतून पट्ट्या देऊन काच चित्रापासून दूर ठेवणारी खोल बॉक्स फ्रेम सुचवली. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे कागद तपकिरी पडतो, म्हणून मी आम्लरहित माउंट बोर्ड मागितला. तो त्यांच्याकडे नव्हता, मागवण्यात आठ दिवस गेले आणि चित्र हाती आले ते प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी. दरही कमी नाहीत. परंतु मागचे दोन्ही हुक अगदी एका रेषेत होते, त्यामुळे दालनात चित्र पहिल्याच प्रयत्नात सरळ टांगले गेले.