बिस्किटे, मिठाचे तारे की कागदाची हिमफुले? नाताळात मुलांसोबत काय करावे

नाताळच्या सुट्टीत मुलांना सोबत घेऊन काहीतरी करायचे ठरले की बहुतेक पालक तयार वस्तूचे छायाचित्र पाहून निवड करतात, आणि पुढची बरीचशी निराशा तिथूनच सुरू होते. छायाचित्रात वस्तू दिसते. ती होत असताना मूल काय करत होते, हे दिसत नाही. माझ्या मते निवडीचा निकष एकच असावा: एकूण कामापैकी मुलाच्या हाताला किती काम येते आणि त्याला किती वेळ नुसते ताटकळत बसावे लागते. हा निकष लावून जिंजरब्रेडची (म्हणजे सुंठ-दालचिनी घातलेली) बिस्किटे, मीठ-मैद्याचे शोभेचे तारे आणि कागदकाम यांची तुलना केली, तर कोणत्या वयाला काय द्यावे हे बरेच स्पष्ट होते.

सर्वांत आधी मनात येतात ती बिस्किटे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण सुंठ आणि दालचिनीचा वास घरभर पसरला की सण आल्यासारखा वाटतो. अंडे न घालता करायचे सोपे प्रमाण असे: 350 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम ब्राउन शुगर, चार मोठे चमचे मध किंवा काकवी, दोन छोटे चमचे सुंठपूड, एक छोटा चमचा दालचिनीपूड आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. लोणी, साखर आणि मध एकत्र वितळवून ते कोमट झाल्यावर कोरड्या मिश्रणात मिसळायचे, गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, साधारण 5 मिलिमीटर जाडीचा लाटायचा आणि साच्याने कापून 180 अंश सेल्सिअसला दहा ते बारा मिनिटे भाजायचा. कडा किंचित तांबूस झाल्या की ट्रे बाहेर काढावा. त्या वेळी बिस्किटे मऊच लागतात आणि गार होताना कडक होतात. ती मऊ आहेत म्हणून पुन्हा आत ठेवली तर तळ करपतो.

आता यात मुलाचा वाटा किती, ते पाहू. वितळवणे मोठ्यांचे, ओव्हन मोठ्यांचा, मधला अर्धा तास कोणाचाच नाही. मुलाच्या वाट्याला मोजणे, साच्याने कापणे आणि शेवटी आयसिंग करणे एवढेच येते. मळण्याचे कामही मी मुलांकडे फार वेळ ठेवत नाही, कारण मैद्यातील ग्लुटेन मळण्याने घट्ट होत जाते आणि बिस्किटे चिवट होतात. गोळा एकजीव झाला की थांबायला हवे, आणि लहान मुलाला नेमके तेव्हाच थांबायचे नसते.

साच्याने कापण्याची पायरी जवळून पाहण्यासारखी आहे. चार वर्षांचे मूल साचा दाबते, उचलते, मग ताऱ्याचे एक टोक चिमटीत धरून ओढते. टोक लांबते, दुसरे टोक ओट्याला चिकटून राहते आणि मुलाचा चेहरा पडतो. यावर उपाय म्हणजे गोळा सरळ बटर पेपरवरच लाटावा, आकार कापावेत आणि आकार न उचलता त्यांच्या मधला उरलेला भाग काढून घ्यावा. मग कागद तसाच ट्रेवर सरकवता येतो. हा उरलेला भाग सोलून काढणे मुलांना कापण्याइतकेच आवडते, आणि एकही तारा बिघडत नाही.

बिस्किटांच्या बाबतीत काही पथ्ये न चुकता पाळावीत. कच्चा गोळा चाखू देऊ नये. त्यात अंडे नसले तरी मैदा कच्चाच असतो आणि त्यातून ई. कोलायसारखे जिवाणू पोटात जाऊ शकतात. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या आयसिंगऐवजी पिठीसाखरेत थोडा लिंबाचा रस किंवा पाणी घालून दाट आयसिंग करावे. घरात वर्षाच्या आतले बाळ असेल तर मध किंवा मधाचे बिस्कीट त्याच्या तोंडात जाऊ देऊ नये. तीन वर्षांखालील मुले असतील तर सजावटीचे कडक गोल दाणे टाळावेत, कारण ते घशात अडकण्याची भीती असते.

मीठ-मैद्याचा गोळा दिसायला बिस्किटांच्या गोळ्यासारखाच असतो, पण मुलाच्या दृष्टीने पाहिले तर हा वेगळाच उद्योग आहे. दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि पाऊण ते एक कप पाणी, एवढेच साहित्य लागते. इथे काही वितळवायचे नाही, फ्रिजमध्ये ठेवून वाट पाहायची नाही, आणि मळणे जितके जास्त तितके चांगले, कारण गोळा मऊ आणि गुळगुळीत होत जातो. बिस्किटांच्या वेळी ज्या हाताला आपण आवरतो, त्याच हाताला इथे मोकळे सोडता येते. अडीच-तीन वर्षांचे मूल पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत कामात राहते असा अनुभव मला याच प्रकारात आला आहे, आणि म्हणून पाच वर्षांखालील मुलांसाठी मी बिस्किटांच्या आधी याचे नाव घेईन.

याचा उणा भाग म्हणजे वाळवण. तारे 5 मिलिमीटर जाडीचे करून सुमारे 120 अंशांवर दोन ते तीन तास ठेवावे लागतात आणि मध्ये एकदा उलटावे लागतात. घाईने उष्णता वाढवली तर आतली वाफ वर येऊन फुगे धरतात आणि तडे जातात. दोरा ओवायचे भोक वाळवण्यापूर्वीच स्ट्रॉने पाडावे. तारा पूर्ण वाळल्याशिवाय रंगवू नये, आणि रंग सुकल्यावर दोन्ही बाजूंनी वार्निश लावावे, कारण मीठ हवेतला ओलावा ओढते आणि उघडा राहिलेला तारा काही महिन्यांत पुन्हा मऊ पडतो. त्यामुळे रंगकाम दुसऱ्या दिवशी ठेवावे. लहान मुलाला हा एक दिवसाचा खंड चालतो. बिस्किटांचा गोळा गार होण्याची वाट पाहत काढलेला अर्धा तास चालत नाही. घरात कुत्रा असेल तर मात्र कच्चा गोळा आणि तयार तारे दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावेत, कारण त्यातील मिठाने कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

कागदकामाला ओव्हन लागत नाही, आणि एका वेळी दहा-पंधरा मुले असतील तर दुसरा पर्याय जवळजवळ नाहीच. पण कागदकाम सोपे असते हा समज अर्धाच खरा आहे. कागदी हिमफुलासाठी चौकोनी कागद कर्णावर दुमडतात, मग पुन्हा निम्मा करतात आणि शेवटी तीन सारखे भाग एकावर एक येतील असा दुमडतात. असे केले की कात्रीखाली कागदाचे बारा थर येतात. साध्या छपाईच्या कागदाचे बारा थर बोथट टोकाच्या लहान कात्रीने कापणे पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना झेपत नाही, आणि मग मूल कापण्याऐवजी कागद फाडते. पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद घेतला की हीच अडचण निम्म्याहून कमी होते. शेवटच्या घडीत हे तीन भाग सारखे पाडणे मात्र सात-आठ वर्षांच्या मुलालाच नीट जमते.

त्या वयाच्या मुलाला मी आठ पाकळ्यांचे हिमफूल सहसा करू देत नाही, कारण खऱ्या हिमस्फटिकाला सहा भुजा असतात आणि त्या का असतात हे सांगण्याची ही उत्तम संधी असते. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने 1611 मध्ये याच प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत बसतात, हे उत्तर त्याच्या काळानंतर फार उशिरा मिळाले. अमेरिकेतील शेतकरी विल्सन बेंटली याने 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले. हे ऐकलेले मूल तिसरी घडी स्वतःहून जपून घालते.

त्याहून लहान मुलांसाठी कागदी साखळी पुरेशी आहे. साधारण 3 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर लांब अशा 24 पट्ट्या कापून द्याव्यात. मुलाने त्या एकात एक गुंतवून चिकटवायच्या आणि 1 डिसेंबरपासून नाताळ येईपर्यंत रोज एक कडी तोडायची. खळ किंवा गोंदाची कांडी वापरावी, पातळ गोंद सुकेपर्यंत कडी धरून ठेवणे मुलांना जमत नाही. शुभेच्छापत्रे लिहिता येणाऱ्या मुलांसाठी चांगली. हेन्री कोल याने 1843 मध्ये लंडनमध्ये छापून घेतलेल्या पत्रापासून ही प्रथा रुळली, हे त्यांना सांगण्यासारखे आहे.

संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या फार सुंदर दिसतात, पण चाकू मोठ्यांच्या हातात, ओव्हन तीन तास चालू आणि मुलाला करायचे काय, तर दोरा ओवणे. म्हणून त्यांना मी या यादीत खाली ठेवते. जिंजरब्रेडचे घर पहिल्या वर्षी करूच नये. भिंती जोडलेले आयसिंग घट्ट धरेपर्यंत छप्पर चढवता येत नाही, आणि तेवढा धीर मुलांनी धरावा ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

तेव्हा पाच वर्षांखालील एक-दोन मुले असतील तर मिठाचे तारे, सहा वर्षांपुढची असतील आणि दुपार मोकळी असेल तर बिस्किटे, आणि मुले अनेक असतील किंवा ओव्हन नसेल तर वयाप्रमाणे साखळी किंवा हिमफूल, असे मी सुचवेन. वेगवेगळ्या वयांची भावंडे असतील तर बिस्किटे आणि तारे एकाच दिवशी करता येतात: बिस्किटांचा गोळा फ्रिजमध्ये असताना मिठाचा गोळा मळायला द्यावा, बिस्किटे आधी भाजावीत आणि ओव्हन 120 अंशांवर उतरला की तारे आत ठेवावेत. मात्र भाजून झाल्यावर दोन्ही वस्तू लहान मुलाला सारख्याच दिसतात आणि मिठाचा तारा हमखास तोंडात जातो. म्हणून दोन्हींचे साचे वेगळे ठेवावेत, बिस्किटे फक्त गोल करावीत आणि मिठाच्या गोळ्यात मळतानाच थोडा निळा रंग मिसळावा.